'रन' म्हणजे नुसतं धावणं नव्हे : इंग्रजीतल्या सगळ्यात अनेकार्थी शब्दाबद्दल

(चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पानगळ :

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ असलेला शब्द कुठला असं विचारलं की बरेच जण 'सेट' सांगतात आणि ते उत्तर खूप वर्षं बरोबरच होतं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली, त्यात सगळ्यात लांबलचक नोंद होती ती 'सेट' या क्रियापदाची, अर्थ साधारण ४३० आणि मजकूर ६० हजार शब्दांच्या आसपास. पण नंतर तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने लिहायला घेतल्या आणि 'रन' ने 'सेट' ला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार या एका शब्दावर नऊ महिने काम करत होते. आणि यात नाम आलेलंच नाही, म्हणजे क्रिकेटमधला रन, बँकेवरचा रन, छपाईचा रन, लाँग रन, ट्रायल रन, हे सगळं वेगळं.

आता ६४५ आकडा ऐकून कुणालाही वाटेल की बापरे हे पाठ कसं करायचं. माझं म्हणणं असं की पाठ करायचंच नाही, कारण हे ६४५ सुटे अर्थ नाहीतच. एकच चित्र आहे आणि ते वेगवेगळ्या गोष्टींना लावलेलं आहे. ते चित्र पायांनी पळणाऱ्या माणसाचं नाही, ते वाहत्या पाण्याचं आहे.

हे मी मनाने म्हणत नाहीये. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'रिन्नन' किंवा 'इर्नन' असा होता (र आणि स्वर यांची अदलाबदल त्या भाषेत सर्रास व्हायची, आजचा 'बर्ड' पूर्वी 'ब्रिड' होता, आपल्याकडे नुकसानचं नुसकान होतं तसंच). आणि त्या शब्दाचा अर्थ धावणं आणि वाहणं असा दोन्ही होता. जर्मनमध्ये आजही 'रेनेन' म्हणजे धावणं आणि 'रिनेन' म्हणजे पाझरणं, ओघळणं. म्हणजे जर्मनने ज्याचे दोन शब्द ठेवले ते इंग्रजीने एकाच शब्दात कोंबले.

एकदा हे लक्षात आलं की बघा किती गोष्टी आपोआप उलगडतात. नाक रन होतं, नळ रन होतो, कपड्याचा रंग धुताना रन होतो, हे तर सरळ वाहणंच. मग जे जे न थांबता, एका ओघात, ठरलेल्या वाटेने पुढे जातं ते सगळं रन. यंत्र रन होतं, नाटक तीन महिने रन होतं, भाडेकरार पाच वर्षं रन होतो, एखादा गुण घराण्यात रन होतो, गालावरून वण रन होतो, रस्ता नदीच्या कडेने रन होतो. शेवटच्या दोन उदाहरणांत तर काहीच हलत नाहीये! वण आणि रस्ता जागच्या जागी आहेत, हलतेय ती आपली नजर. लेनर्ड टॅल्मी या भाषाशास्त्रज्ञाने अशा वाक्यांसाठी 'काल्पनिक गती' या अर्थाची संज्ञा वापरली आहे. मराठीतही आपण 'हा रस्ता नदीकाठाने जातो' असंच म्हणतो, रस्ता कुठेही जात नसला तरी.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. रनचं मराठी काय असं विचारलं तर आपण लगेच 'धावणे' म्हणतो, पण वरची वाक्यं मराठीत करून बघा. यंत्र चालतं. दुकान चालतं. नाटक चालतं. खटला चालतो. शाळा चालवतात. घराण्यात चालत आलंय. नाणं चालतं. डोकं चालत नाही. इंग्रज ज्याला धावायला लावतो त्याला आपण चालवतो! म्हणजे रनचा खरा मराठी भाऊ धावणे नाहीच, चालणे आहे. आणि आपल्या 'चालणे' चे अर्थ कुणी बसून मोजले तर मला खात्री आहे की यादी खूप लांब होईल, कारण चालू, चालक, चालना, चालढकल, चाल (बुद्धिबळातली), चाल (गाण्याची), चाल (कपटाची), चालरीत, चलन, सगळं तिथूनच फुटलंय.

फ्रेंचमध्येही हेच आहे बरं का. तिथे यंत्र 'मार्श' होतं, म्हणजे चालतं, आणि 'सा मार्श' म्हणजे शब्दशः 'ते चालतं', पण वापरतात ते आपल्या 'चालेल' सारखं, होकार देण्यासाठी. फ्रेंच आणि मराठी या बाबतीत एका बाजूला आणि इंग्रजी-जर्मन दुसऱ्या बाजूला, मला हे फार सुंदर वाटतं.

तर तुम्हाला रनचे जे अर्थ, वाक्प्रचार, समानार्थी शब्द सुचतात ते इथे लिहा, आणि त्याला मराठीत काय म्हणाल तेही लिहा. नुसती इंग्रजी यादी नको, ती कुठेही मिळते.

---

तळटीप :

मस्त विषय. एक भर घालतो, कारण ६४५ या आकड्यामागे इंग्रजी व्याकरणाची एक गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही.

मराठीत पळणे-पळवणे, चालणे-चालवणे, धावणे-धाववणे अशा जोड्या आहेत. स्वतः करणं आणि दुसऱ्याकडून करवणं यात एक 'व' चा फरक, त्यामुळे कोशात दोन वेगळ्या नोंदी होतात. जुन्या इंग्रजीतही अशी जोडी होती. 'रिन्नन' म्हणजे स्वतः धावणं आणि 'अर्नन' म्हणजे धावायला लावणं, घोडा दौडवणं. पुढे ही दोन रूपं एकमेकांत मिसळून गेली आणि दोघांचं मिळून एकच 'रन' उरलं. सिट आणि सेट, फॉल आणि फेल (झाड पाडणे), लाय आणि ले, अशा काही जोड्या इंग्रजीत टिकल्या, रनची टिकली नाही.

परिणाम काय झाला, तर घोडा रन होतो आणि मी घोडा रन करतो, पाणी रन होतं आणि मी टबात पाणी रन करतो, कंपनी रन होते आणि मी कंपनी रन करतो. प्रत्येक अर्थाला एक जुळा भाऊ. त्या मोठ्या आकड्यातला बराचसा भाग या जुळ्यांचा असणार.

---

झुळूक :

तळटीप, म्हणजे मजा अशी की ज्या 'सेट' ला रनने हरवलं तो मुळात 'सिट' चा प्रयोजक, म्हणजे 'बसवणे'. सेट म्हणजे बसवणं आणि रन म्हणजे वाहणं, स्थिर आणि अस्थिर अशी जोडीच झाली. घड्याळ सेट करायचं आणि मग ते रन होणार.

'संच' या अर्थाचा जो सेट आहे तो मात्र वेगळ्या घराण्यातला. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिन 'सेक्टा' म्हणजे पंथ, अनुयायांचा गट. दोन्ही शब्द इंग्रजीत इतके एकमेकांत मिसळलेत की आता वेगळे काढता येत नाहीत. म्हणून अर्थ मोजताना नेहमी आधी बघावं की हा एकच शब्द आहे की एकासारखे दिसणारे दोन. खेळायची बॅट आणि उडणारं वटवाघूळ बॅट, यांना कुणी 'अनेक अर्थ' म्हटलं तर मला पटत नाही. ती नुसती नावं सारखी आहेत. रन मात्र खरोखर एकाच मुळाचा विस्तार आहे आणि त्यामुळेच तो अभ्यासायला इतका छान.

---

उंबरठा :

लेख आवडला पण 'सगळं वाहण्यातून आलं' हे मला जरा ताणलेलं वाटतंय. उदा. अमेरिकेत निवडणुकीसाठी 'रन' करतात. यात वाहणं कुठे आहे? लाल सिग्नल 'रन' करतात. तस्कर बंदुका 'रन' करतात. वर्तमानपत्र बातमी 'रन' करतं. हे सगळं एका चित्रात बसवायचं म्हणजे कसरत आहे. प्रत्येक अर्थ आपापल्या वाटेने आलाय असं का म्हणू नये?

---

पानगळ :

उंबरठा, चांगला मुद्दा आहे आणि याचं नीट उत्तर द्यायला हवं. वाहणं हा उगम आहे, पण त्यातून दोन मोठे प्रवाह निघाले असं मी म्हणेन. एक ओघाचा (यंत्र, नाटक, करार, बातमी). दुसरा शर्यतीचा आणि निसटण्याचा. तुमची पहिली तीन उदाहरणं दुसऱ्या प्रवाहातली आहेत.

निवडणूक म्हणजे शर्यत हे चित्र अमेरिकन इंग्रजीत इतकं पक्कं आहे की उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला 'रनिंग मेट' म्हणतात, आणि हा शब्द मूळ घोड्यांच्या शर्यतीतला. एकाच मालकाचे दोन घोडे उतरवायचे, त्यातला एक दुसऱ्याला वेग मिळावा म्हणून धावायचा, तो रनिंग मेट. ब्रिटनमध्ये मात्र उमेदवार निवडणुकीला 'स्टँड' होतो. आपला उमेदवार पण 'उभा राहतो', आणि तोच निवडणूक 'लढवतो' सुद्धा. एकाच गोष्टीला कुणी धावणं म्हणतं, कुणी उभं राहणं, कुणी लढणं.

सिग्नल आणि बंदुका यांच्या जवळचं उदाहरण म्हणजे समुद्रातली नाकेबंदी. वेढा घातलेल्या बंदरात जहाज सुसाट घुसवायचं किंवा तिथून बाहेर काढायचं, त्याला नाकेबंदी 'रन' करणं म्हणतात. अडवणारं काहीतरी आहे आणि तुम्ही न थांबता त्यातून पार जाता. सिग्नल तोडणंही तेच. आणि आपण बघा 'तोडतो', 'मोडतो'. आपल्याला नियम दिसतो, इंग्रजाला हालचाल दिसते.

---

रानवाट :

"आपल्याला नियम दिसतो, इंग्रजाला हालचाल दिसते" हे वाक्य फार आवडलं. +१

---

कोलन :

नाक रन होतं त्यावरून आठवलं. पातळ शौचाला बोली इंग्रजीत सरळ 'द रन्स' म्हणतात. त्याला वैद्यकीय शब्द जो आहे, डायरिया, तो ग्रीक, त्याचा अर्थ आरपार वाहणं. आणि आपला 'अतिसार', त्यात 'सृ' धातू आहे, सरणं, वाहणं, धावणं. त्याच धातूवरून सरिता, आणि त्याच धातूवरून संसारसुद्धा! तिन्ही भाषांनी स्वतंत्रपणे तेच चित्र काढलं.

संस्कृतात हे एकदाच नाही तर पुन्हा पुन्हा दिसतं. 'द्रु' म्हणजे धावणं आणि त्यावरूनच द्रव म्हणजे पातळ पदार्थ, द्रुत म्हणजे वेगवान. 'धाव्' या धातूचेही अर्थ धावणं आणि वाहणं असे दोन्ही दिलेले असतात. त्यामुळे पानगळ यांचं म्हणणं नुसतं इंग्रजीपुरतं नाही, धावणं आणि वाहणं ही जोडी फार जुनी आहे. आणखी एक सांगतो, आपण 'रीत' म्हणतो ना, ती संस्कृत 'रीति', आणि तिचा जुना अर्थ प्रवाह, ओघ. म्हणजे 'चालरीत' या शब्दात एक चालणं आहे आणि एक वाहणं आहे!

---

झुळूक :

कोलन, काय सुंदर प्रतिसाद! मग लॅटिन आणि ग्रीकपण घेऊच.

लॅटिनमध्ये धावणे म्हणजे 'कुरेरे'. त्यातून इंग्रजीत काय काय आलं बघा : करंट (वाहता प्रवाह), करन्सी, कोर्स, कुरिअर (धावणारा निरोप्या), कॉरिडॉर (धावायची जागा), करिक्युलम (धाव, शर्यतीची फेरी, मग अभ्यासक्रम), कर्सर (पडद्यावर पळणारी ती रेघ, शब्दशः धावपटू). आणि आता गंमत म्हणजे करन्सी हा धावण्यातून आलेला शब्द आणि त्याला मराठीत 'चलन'. पुन्हा तेच, ते धावतात आपण चालतो.

ग्रीकमध्ये धाव म्हणजे 'ड्रोमॉस'. म्हणून सिंड्रोम म्हणजे एकत्र धावणारी लक्षणं, पॅलिंड्रोम म्हणजे उलटं धावणारा शब्द. मला हे कळलं तेव्हापासून सिंड्रोम शब्दाची भीतीच गेली.

---

दीपमाळ :

माझा प्रश्न समानार्थी शब्दांबद्दल आहे. थिसॉरसमध्ये रन उघडलं की स्प्रिंट, जॉग, डॅश, बोल्ट, फ्ली, ऑपरेट, मॅनेज, फ्लो, कंटेस्ट असं कायकाय येतं. मुलं निबंधात एकच शब्द पुन्हा नको म्हणून यातला कुठलाही उचलून टाकतात आणि वाक्य विचित्र होतं. हे समजवायचं कसं? नेमका समानार्थी शब्द असतो का मुळात?

---

तळटीप :

दीपमाळ, शंभर टक्के अदलाबदल करता येईल असे दोन शब्द सापडणं फार अवघड. पीटर रॉजे यांनी १८५२ मध्ये जो थिसॉरस काढला तो मुळात समानार्थी शब्दांची बदली यादी नव्हताच. ते पेशाने डॉक्टर होते आणि त्यांनी शब्द अकारविल्हे न लावता कल्पनांप्रमाणे लावले, एका कल्पनेभोवतीचे सगळे शब्द एका जागी, म्हणजे लिहिणाऱ्याला आपल्या मनातला नेमका शब्द शोधता यावा. शोधण्यासाठी, बदलण्यासाठी नव्हे. हा फरक मुलांना सांगायलाच हवा.

दुसरं म्हणजे आधी अर्थ ठरवायचा आणि मग शब्द. 'ती कंपनी रन करते' इथे मॅनेज चालेल, 'पाणी रन होतंय' इथे फ्लो चालेल, पण 'त्याचं टेंपरेचर रन होतंय' इथे ना मॅनेज चालेल ना फ्लो. शेजारी कोण बसलंय त्यावर अर्थ ठरतो. मुलांना शब्द एकटा न देता शेजाऱ्यासकट द्या, ताप-रन, नळ-रन, धोका-रन असं.

---

रानवाट :

मी यात मराठीकडून भर घालते कारण धावण्याच्या बाबतीत मराठी अजिबात गरीब नाही, आपणच ते शब्द वापरायचे थांबलोय.

घोडा गॅलप करतो, आपला चौखूर उधळतो. ट्रॉट म्हणजे दुडकी चाल. घाबरून एकदम बोल्ट होणं म्हणजे उधळणं किंवा बुजून पळणं. छोटं मूल स्कॅम्पर करतं ते तुरुतुरु पळणं, स्करी म्हणजे लगबगीने इकडून तिकडे. स्प्रिंट म्हणजे सुसाट सुटणं. आणि फ्ली साठी तर केवढे आहेत, पळ काढणं, धूम ठोकणं, पोबारा करणं, सुंबाल्या करणं, काढता पाय घेणं. यातही प्रत्येकाची छटा वेगळी. काढता पाय घेणारा माणूस पळत नाही, तो हळूच निघतो. धूम ठोकणारा मागे वळून बघत नाही. पोबारा करणारा बहुतेक काहीतरी करून किंवा कुणालातरी अडकवून गेलेला असतो.

आणि धावणे व पळणे यातला फरक बघा. मदतीला धावला म्हणतात, मदतीला पळाला असं सहसा म्हणत नाहीत. संकटातून पळाला म्हणतात, संकटातून धावला नाही. धावणं कशाकडे तरी असतं, पळणं कशापासून तरी असतं. बोलताना आपण दोन्ही मिसळतो, 'पळ लवकर' म्हणजे नुसतं घाई कर, पण लिहिताना हा फरक अजून जिवंत आहे. त्यामुळेच 'धावून आला' ऐकून बरं वाटतं आणि 'पळून आला' ऐकलं की काय झालं असं विचारावंसं वाटतं. इंग्रजी रनमध्ये हा फरक नाही, त्याला पुढे टु किंवा फ्रॉम लावून सांगावं लागतं.

---

दीपमाळ :

रानवाट, हा प्रतिसाद मी मुलांना जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. खूप आभार.

---

उंबरठा :

क्रिकेटचा रन राहिला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धावांना 'नॉच' म्हणजे खाच म्हणायचे, कारण धाव झाली की मोजणारा काठीवर सुरीने खाच पाडायचा. नंतर खाच गेली आणि धावण्याची क्रिया तीच मोजणीचं एकक झाली. म्हणून चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा न हलताही चार रन मिळतात, म्हणजे न धावता धावा.

मराठीने इथे छान काम केलंय असं माझं मत आहे. धाव, धावसंख्या, धावफलक, धावचीत, आणि क्रिकेटबाहेर धावपट्टी, धावतं समालोचन. धावचीत तर मला रन आऊटपेक्षा जास्त आवडतो, एका शब्दात अख्खं दृश्य आहे. फक्त 'धावा' म्हणजे धावचं अनेकवचन आणि 'धावा करणे' म्हणजे संकटात आर्त हाक मारणे, हे दोन एकसारखे दिसतात त्यामुळे मथळ्यात कधी कधी गोंधळ होतो.

---

कोलन :

बँक रनबद्दल लिहायलाच हवं. ठेवीदारांचा विश्वास उडतो आणि सगळे एकाच वेळी पैसे काढायला जातात तो रन. शब्द अगदी शब्दशः होता, माणसं खरंच बँकेकडे धावायची, बाहेर रांगा लागायच्या. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर अशा रांगा लागल्या होत्या. पण मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायचा प्रयत्न केला आणि त्यातले बहुतेक पैसे फोन आणि संगणकावरूनच हलले. कुणी धावलं नाही, तरी शब्द रनच राहिला. शब्दातलं चित्र पुसलं जातं आणि शब्द मात्र तसाच पुढे जातो याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मराठी बातम्यांत याला 'बँकेवर झुंबड' किंवा 'पैसे काढण्यासाठी धाव' म्हणतात. झुंबड मला जास्त योग्य वाटतो कारण रनमधली घबराट त्यात आहे.

---

शून्यएक :

मी संगणकाच्या बाजूने लिहितो. आमच्या कामात दिवसभर 'रन कर', 'रन झाला का', 'रन होत नाहीये' हेच चालू असतं आणि त्याला कुणी मराठी शब्द वापरत नाही, वापरायची गरजही नाही असं माझं मत. 'प्रोग्राम चालव' म्हणता येतं पण 'रनटाइम एरर' ला चालवेळची चूक म्हणणं मला जड जातं.

पण या शब्दांचा खरा त्रास होतो तो यंत्राला भाषा शिकवताना. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ पासून वर्डनेट नावाचा शब्दसंग्रह तयार केला गेला, जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने, त्यात रनचे क्रियापद म्हणून ४१ आणि नाम म्हणून १६ अर्थ दिलेत. ऑक्सफर्डमध्ये ६४५ आणि इथे ४१, एवढा फरक का, तर एक कोश प्रत्येक बारीक छटा वेगळी मोजतो आणि दुसरा एकत्र करतो. अर्थ किती आहेत हे शब्दावर जेवढं अवलंबून तेवढंच मोजणाऱ्यावर. माझ्या मते ६४५ हा आकडा म्हणूनच फार मनावर घेऊ नये.

१९६० मध्ये यंत्राने भाषांतर करण्यावर काम करणारे अभ्यासक बार-हिलेल यांनी असं दाखवलं होतं की 'पेटी पेनमध्ये होती' एवढं साधं वाक्य यंत्राला नीट कळणार नाही, कारण पेन म्हणजे लिहायचं पेन आणि पेन म्हणजे लहान मुलाला खेळायला ठेवतात ते कुंपण. माणसाला लगेच कळतं की पेटी लिहायच्या पेनात मावणार नाही, पण ते भाषेचं ज्ञान नाही, जगाचं आहे. आजची भाषांतरं खूप सुधारलीत, कारण ती आजूबाजूचे सगळे शब्द एकदम बघतात, म्हणजे तळटीप यांनी सांगितलेला शेजारीच.

---

तळटीप :

शून्यएक, आकड्याबद्दल सहमत. पण एक गोष्ट नक्की, जे शब्द जास्त वापरले जातात त्यांनाच जास्त अर्थ फुटतात. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिप यांनी १९४५ मध्ये वारंवारता आणि अर्थसंख्या यांचं हे नातं मांडलं. म्हणून अनेकार्थी शब्दांच्या यादीत नेहमी छोटे, रोजचे शब्दच असतात, रन, सेट, गो, टेक, गेट, पुट. मराठीत करणे, लागणे, मारणे, घालणे, येणे, पडणे. अवघड दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ सहसा एकच असतो. नव्याने इंग्रजी शिकणाऱ्याला वाटतं उलटं, तो मोठे शब्द पाठ करतो आणि अडतो ते रन आणि गेटपाशी.

आणि यंत्रांबद्दल, रनची नोंद एवढी वाढायला यंत्रयुगाने मोठाच हातभार लावलाय. आधी गिरण्या आणि इंजिनं, मग मोटारी, मग संगणक, प्रत्येक नवीन यंत्र आलं की त्याला 'रन' लावलं गेलं. 'रन ऑफ द मिल' हा शब्दप्रयोगही तिथलाच, गिरणीतून निवड न करता जसा बाहेर पडला तसा माल, म्हणून साधारण, नेहमीचा.

---

झुळूक :

छोटीशी भर, 'रन द गाँटलेट' मध्ये गाँटलेट म्हणजे लोखंडी हातमोजा नाही. तो स्वीडिश 'गातलोप' आहे, गल्ली आणि धाव. सैनिक दोन रांगांत उभे राहायचे आणि शिक्षा झालेल्याने मधून जायचं, दोन्हीकडून मार. सतराव्या शतकात इंग्रजीत आला आणि ओळखीच्या शब्दासारखा उच्चारला जाऊन हातमोजा झाला.

संगीतातही रन असतो, भराभर चढत किंवा उतरत जाणारी सुरांची ओळ. आपल्या तानेच्या जवळचा. पत्त्यांतला रन म्हणजे ओळीने लागलेली पानं. दोन्हीकडे अखंडपणा आहेच.

---

उंबरठा :

ठीक आहे, ओघ आणि निसटणं असे दोन प्रवाह मान्य. पण एक गट अजून बसत नाही. नदी 'रन ड्राय' होते. पैसे 'रन शॉर्ट' होतात. रक्त 'रन कोल्ड' होतं. आपल्याला उशीर होतो तेव्हा 'रनिंग लेट'. इथे कोरडं, कमी, थंड, उशीर ही स्थिती आहे, हालचाल नाही. आणि यांचं मराठी करताना धाव, चाल, वाह यातलं काहीच वापरता येत नाही, मी करून बघितलं.

---

पानगळ :

उंबरठा, हा गट खरंच वेगळा आहे. इथे रनचा अर्थ जवळपास 'होत जाणे' एवढाच उरतो. इंग्रजीत गतीची क्रियापदं अशी झिजून नुसतं 'होणे' बनतात. दूध खराब 'गो' होतं, माणूस आजारी 'फॉल' होतो, स्वप्न खरं 'कम' होतं, विहीर कोरडी 'रन' होते.

आणि मराठीत ते काम कोण करतं माहितीये? पडणे. विहीर कोरडी पडते, पैसे कमी पडतात, हातपाय थंड पडतात, काम लांबणीवर पडतं, माणूस आजारी पडतो, रंग फिका पडतो, आवाज क्षीण पडतो. कुणीही कुठूनही खाली पडत नाही. फक्त रक्त तेवढं पडत नाही, ते आपल्याकडे गोठतं, आणि उशीर नुसताच होतो.

---

रानवाट :

आणि 'महाग पडतं', 'सोपं पडतं', 'लांब पडतं'. इथे तर काही बदलतही नाही, नुसतं 'आहे' एवढाच अर्थ. म्हणजे आपला पडणे रनपेक्षाही एक पाऊल पुढे झिजलाय.